पहिल्या हंड्याचा मान

या अंकाच्या संपादकांनी फोन केला, "बाई, तुमच्या नोकरीतल्या गमती लिहा, लोकांना आवडतील." गमती तशा पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की त्या मागे सरतात आणि कर्जत तालुक्यातली एक विहीर पुढे येऊन बसते. म्हणून गमती आधी उरकून घेते.

मी परदेशी माणसांना मराठी शिकवत असे. नगरला एका जुन्या बंगल्यात मिशनऱ्यांसाठी भाषाशाळा होती, तिथेच माझी सगळी नोकरी झाली. आज मी सावेडीत तिसऱ्या मजल्यावर राहते. त्या काळी याच जागेवर बोरी-बाभळी होत्या आणि संध्याकाळनंतर इकडे कुणी फिरकत नसे. शाळेत सगळे मला पंडितबाई म्हणत. मी पंडित नव्हते. मॅट्रिकनंतर एक सर्टिफिकेट आणि वडिलांनी घोटून घेतलेलं व्याकरण, एवढीच माझी शिदोरी.

परक्या माणसाला मराठी शिकवायचं म्हणजे पहिला महिना नुसतं तोंड वळवायचं. पतंगाच्या कागदाची पट्टी कापून ती शिष्याच्या ओठांसमोर धरायची. 'पळ' म्हटल्यावर पट्टी हलता कामा नये, 'फळ' म्हटल्यावर हललीच पाहिजे. इंग्रज माणसाची पट्टी दोन्ही वेळेला हलते. इटलीच्या माणसाची एकदाही हलत नाही. 'ळ' साठी मी त्यांना आरसा देत असे. चांगले पन्नाशीतले लोक आरशासमोर जीभ वळवून बसलेले पाहून शाळेचा माळी तोंडाला रुमाल लावून पळायचा. त्यानंतर अहो-जाहो यायचं. एका अमेरिकन बाईंनी ते इतकं मनावर घेतलं होतं की त्या शाळेच्या कुत्र्यालाही "आपण बाहेर बसावं" म्हणत. कुत्रं बसायचं, हे सांगायला हवं.

नोकरीचा दुसरा भाग दुभाषेपणाचा होता. नवखा माणूस सहा महिन्यांत भाजी घेण्यापुरतं बोलू लागतो, पण गावातल्या बैठकीत त्याची दातखीळ बसते. मग मला सोबत जावं लागे. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मास्तरांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. दुभाष्यानं निरोप गिळायचा नाही. शिवी असली तर शिवी पोचवायची, रडणं असलं तर रडणं. आपलं मत कुणी विचारलं तरच द्यायचं. मी ते पाळलं आणि त्याचा मला गर्वही होता.

आता त्या वर्षाकडे येते. सालं लागोपाठ कोरडी गेली होती आणि बहात्तरच्या दुष्काळानं कहर केला होता. रस्तोरस्ती खडीची कामं, हातात घण घेतलेली कुणबी माणसं, ताटात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. त्या वेळी माझ्याकडे दोन शिष्य एकत्र शिकत होते. एक सिस्टर हेलन, इंग्रज नर्स, सरळ नाकाची आणि सरळ बोलणारी. दुसरे फादर कार्लो, उत्तर इटलीतल्या डोंगराळ गावातले, दाढीवाले, बोलताना हात आवरता न येणारे. मी प्रोटेस्टंट घरातली, ते दोघे रोमन कॅथलिक. त्यावरून आमची थट्टा चालायची, भांडण कधी झालं नाही.

एका सकाळी व्हरांड्यात धडा चालला होता. हेलनबाईंनी विचारलं, "कन्व्हर्शनला मराठीत काय म्हणतात?"

मी म्हटलं, "धर्मांतर."

कार्लोंनी दोन्ही हात वर केले. "नाही, नाही. ते कन्व्हर्शन इंग्लिश. आमच्याकडे कोन्वेर्सिओने वेगळा."

मग त्या दोघांचीच जुंपली. हेलनबाईंच्या भाषेत तो शब्द म्हणजे एकदाच घडणारी गोष्ट. माणूस या बाजूचा त्या बाजूला गेला, रजिस्टरात नाव पडलं, संपलं. ताप मोजताना फॅरनहाइटचं सेंटिग्रेड करायचं, त्यालाही त्या तोच शब्द वापरत. कार्लो म्हणाले, आमच्याकडे दरवर्षी उपासाच्या दिवसांत पाद्री कपाळाला राख लावतो आणि सांगतो, मागे फिरा. कुणाला सांगतो? जे जन्मापासून ख्रिस्ती आहेत त्यांना, म्हाताऱ्यांना, बिशपला, स्वतःला. डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर ड्रायव्हर बस उलटी फिरवतो, त्यालासुद्धा हाच शब्द. दमलेल्या माणसानं तोंड फिरवून घराकडे निघणं म्हणजे कोन्वेर्सिओने. त्यात रजिस्टर कुठून आलं?

हेलनबाई हसून म्हणाल्या, "आणि रेव्होल्यूशन? तेही तुमच्याकडे गोडच असेल." त्यांच्या लेखी तो शब्द ग्रामोफोनच्या तबकडीच्या फेऱ्यांचा, नाहीतर दुसऱ्यांच्या देशात राजांची मुंडकी उडतात त्याचा.

कार्लोंनी हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, त्यांची आई वसंतात गाद्या, खाटा, भांडी सगळं अंगणात काढून घर धुवायची. वडील दारात उभे राहून म्हणायचे, "झाली रिवोलुत्सिओने!" सगळी मुलं हसायची. पुढे युद्धात थोरला भाऊ गळ्यात लाल रुमाल बांधून डोंगरात लढणाऱ्यांत गेला. जाताना तोही तोच शब्द बोलला. तो परत आला नाही. त्यानंतर घर धुताना तो शब्द कुणी उच्चारला नाही.

मी त्यांना आपला 'क्रांती' समजावून दिला. ओलांडून पुढे जाणं, पाऊल टाकणं, संक्रांतीतलं तेच. पण धर्मांतराबद्दल मी एवढंच सांगितलं की कोशातला शब्द तो आहे. माझ्या लहानपणी गल्लीत ऐकू यायचा तो 'बाटणं'. माझे आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून उठून नगरला आले आणि ख्रिस्ती झाले. आम्ही तीन पिढ्या शिकलो, टेबलावर जेवलो, तरी खेड्यात गेलं की आधी "कोन्च्या गावच्या बाई?" आणि मग "गावात कुन्या अंगाला घर?" असं विचारत. उत्तर मिळालं की चहाचा कप बदलायचा. कार्लोंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, माणूस स्वतःहून फिरतो त्याला शेतकरी काय म्हणेल? मी म्हटलं, "वळणं. बैल वळतो, वाट वळते, मनही वळतं." तो शब्द त्यांना फार आवडला. आठवडाभर आरशासमोर त्यांनी त्यातला 'ळ' घासला.

मिरजगावच्या अलीकडे एक गाव आहे, त्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत फादर कार्लोंनी विहीर काढायचं ठरवलं. धान्य आणि तेल मिशन देणार, अंगमेहनत वस्तीची. पुरुष सुरुंगाची भोकं पाडत, बाया दगड-माती डोक्यावरून वर आणत. त्यांत सोनाबाई नावाची एक म्हातारी होती. तिला सगळ्यांनी सांगितलं की तू सावलीत बस, पोरं सांभाळ. ती ऐकेना.

मी तिला विचारलं, "सोनाबाई, या वयात कशाला?"

ती म्हणाली, "बाई, माजं निम्मं आयुष्य रिकामा हंडा घिऊन हुभं ऱ्हान्यात गेलं. गावच्या हिरीवर आमी लांब हुभं ऱ्हायाचं, कुना बाईला दया आली की ती वरनं वतायची. न्हाई आली की माघारी. आता ही हीर माजी हाय. हिचा पयला हंडा म्या भरनार. मंग मेले तरी चालतंय."

एवढीच तिची इच्छा होती, आणि वस्तीत सगळ्यांना ती ठाऊक होती. तिचा मुलगा याकोब नगरच्या कॉलेजात दोन वर्षं काढून परत आला होता. तो सभांना जायचा आणि त्याच्या तोंडी क्रांती हा शब्द सारखा असायचा. आईच्या हंड्याबद्दल बोलताना मात्र तो भाषण करत नसे.

पाणी लागलं, आणि गोड लागलं. काठ बांधून होईपर्यंत हंडा मात्र कुणी सोडायचा नाही, असं वस्तीनं ठरवलं होतं. त्याच पंधरवड्यात गावची मोठी विहीर तळाला गेली. टँकर येईल येईल म्हणत होते, तो काही येईना. मग एके दिवशी स्वतः पाटील वस्तीच्या कडेपर्यंत चालत आले. आत आले नाहीत. लिंबाखाली उभे राहून म्हणाले, "फादर, गाव तान्हेलंय. काय तरी वाट काढा."

कार्लोंचा चेहरा असा फुलला होता की मला तो आजही दिसतो. त्यांनी वस्तीची बैठक घेतली. मी मध्ये बसले. ते म्हणाले, विहिरीला पाणी लागल्याचा कार्यक्रम करू आणि पहिला हंडा पाटलांना भरायला सांगू. तुमच्या विहिरीवर, तुमच्या दोरानं, सगळ्यांसमोर. ज्या हातानं त्यांनी तुम्हाला लांब ठेवलं तोच हात तुमचा दोर ओढील. एक माणूस वळला की गाव वळेल.

याकोब उठून उभा राहिला. "पानी गावानं न्यावं, आमची ना न्हाई. रांगंत हुभं ऱ्हावं, आमच्यासंगं भरावं. पन पयला हंडा माज्या आईचा. आन फादर, त्यो मानूस वळनार न्हाई. त्यो पानी नेनार."

मी शब्दन् शब्द पोचवला. हेलनबाई दवाखान्याच्या कामासाठी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "म्हातारीला भरू द्या. साधी गोष्ट आहे." कार्लोंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं मत विचारलं. विचारलं म्हणून मी सांगितलं. "फादर, आमच्याकडे एकदा दिलेला मान परत घेता येत नाही. पोळ्याला पाटलाचा बैल तोरणाखालून पहिला जातो. बैल मरतो, पाटील मरतो, मान मरत नाही. नव्या विहिरीवर जो पहिला हंडा भरेल, त्याच्याच घरचा हंडा कायम पहिला राहील. लोक ते न सांगता धरून चालतात."

कार्लो म्हणाले, "बाई, तुम्ही सगळे मानाचा फार विचार करता. मी मनाचा करतो."

या माणसाला मी मराठी शिकवली होती. तोंड अचूक वळलं होतं, पण गाव काय आहे ते डोक्यात शिरलं नव्हतं. तो दोष मी भाषेला कसा देऊ? आणि त्यांनाही कसा देऊ? त्यांचा विश्वास खोटा नव्हता. निकाल शेवटी सोनाबाईनंच लावला. ती मागून म्हणाली, "फादर म्हनत्यात तर भरू द्या पाटलास्नी. पानी काय पळून चाललंय व्हय? मी दुसरा भरीन."

याकोब बैठकीतून उठून गेला.

ठरल्या दिवशी पाटील आले ते वाजतगाजत. सोबत घरची मंडळी, गावातल्या बाया आणि गुरवही. पाटलांनी नवा दोर आणला होता आणि घरचा नवा तांब्याचा हंडा. वस्तीचा दोर रहाटावरून उतरवून बाजूला ठेवला गेला. गुरवानं विहिरीच्या काठावर चारी अंगांनी तांब्यातून काही शिंपडलं. कार्लो माझ्या कानाशी म्हणाले, "बघा बाई, आशीर्वाद देतात. आम्ही पण पाणी शिंपडतो." त्यांचे डोळे भरून आले होते.

मी सांगितलं, "फादर, ते गोमूत्र आहे. विहीर शुद्ध करून घेताहेत."

"कशापासून?"

"इथे उभ्या असलेल्या माणसांपासून."

पाटलांनी पहिला हंडा काढला. टाळ्या झाल्या. नारळ फुटला. सोनाबाई धुतलेलं लुगडं नेसून, घासून लख्ख केलेला हंडा घेऊन पुढे आली. तेवढ्यात पाटलीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, अगदी मायेनं म्हणाल्या, "सोने, थांब गं जरा. आमच्या बाया भरू देत. मंग तुला वाढत्ये."

कुणीही तिला हात लावला नाही, मागे हो म्हटलं नाही. ती आपली आपण दोन पावलं मागे सरली. पदर सावरला, हंडा कडेला घेतला आणि उभी राहिली. आयुष्यभर जशी उभी राहिली होती तशीच. फरक एवढाच होता की तिनं डोक्यावरून वाहिलेल्या दगडांचा ढीग शेजारीच पडला होता. मी खूप माणसांना रडताना पाहिलंय. पण डोळ्यांसमोर राहिली ती ही दोन पावलं.

याकोबनं धावत येऊन तो नवा दोर धरला. झटापट झाली, दोघांची डोकी फुटली, तांब्याचा हंडा विहिरीत गेला. दुपारी पोलीस आले आणि याकोबला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर रिवाज सुरू झाला. पहिला हंडा पाटलांच्या घरचा, मग गाव, मग वस्तीला वरून वाढायचं. कुणी ठराव केला नाही, दवंडी पिटली नाही.

कार्लो तेव्हा वस्तीतच मुक्कामाला होते. ते रोज सकाळी हंडा घेऊन विहिरीवर जात आणि वस्तीतल्या बायांच्या मागे उभे राहत. पाटलीणबाई हाक मारत, "फादर, तुमी फुडं या की. तुमाला काय आडकाठी?" ते जात नसत. एकदा मी सोबत होते. सोनाबाई त्यांना म्हणाली, "फादर, उन्हात नका हुभं ऱ्हाऊ. आमाला सवय हाय, तुमाला न्हाई." तिच्या मनात टोमणा नव्हता. तिला खरंच त्यांची काळजी वाटत होती. मी ते वाक्य पोचवायला तोंड उघडलं, पण त्यांना ते समजलं होतं. नको तेव्हाच त्यांची मराठी पक्की झाली.

मग परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या नगरच्या सरकारी कचेरीतून त्यांना बोलावणं आलं. तक्रार गेली होती की हा इसम गावात बाटवाबाटवी करतो आणि पोरांना क्रांतीचे धडे देतो. साहेब सभ्य होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. कप सगळ्यांना सारखेच होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही तिथे कन्व्हर्शन केलंत?"

कार्लोंनी उत्तर मराठीत दिलं. "नाही. एक पण नाही. मी प्रयत्न केला. कोणी वळलं नाही."

"आणि रेव्होल्यूशन?"

"ते पण नाही झालं," ते म्हणाले. "सगळं होतं तिथेच आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना त्या सकाळचा धडा सांगितला. इंग्रजीत काय अर्थ, इटालियनमध्ये काय, उपासाची राख, डोंगरातली बस, अंगणात काढलेल्या गाद्या. त्यांनी मनापासून ऐकलं. म्हणाले, "छान समजावून सांगता हो तुम्ही. पण हे आता माझ्या हातात नाही, वरून ठरलंय." त्यांच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत वाढणार नव्हती. मी काहीही बोलले असते तरी तेच होणार होतं. चहा पिऊन आम्ही उठलो.

कार्लो गेले तेव्हा स्टेशनवर हेलनबाई आणि मी, दोघीच होतो. गाडी येईपर्यंत ते मला एकच विचारत होते. "बाई, ती दोन पावलं मागे का गेली? कोणी सांगितलं नव्हतं." मी दुभाषी. समोरचा बोलतो ते मला दुसऱ्याला सांगता येतं. जे तिनं कधी तोंडातून काढलंच नाही, त्याचं भाषांतर मी काय करणार?

कार्लो गेल्यानंतरचं ते ऊन फार वाईट होतं. सोनाबाई विहीर झाल्यावर खडीच्या कामावर जात होती. सकाळी पाण्यासाठी तिष्ठत उभं राहायचं आणि मग दिवसभर दगड फोडायचे. एक दिवस ती तिथेच खाली बसली. हेलनबाई जीप घेऊन पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. दुसऱ्या पहाटे ती वारली.

निरोप आल्यावर मी मिळेल त्या एसटीनं गेले. याकोब तेव्हा जामिनावर सुटून आला होता. वस्तीत माणूस गेलं होतं, म्हणून गावातलं कुणी त्या सकाळी विहिरीवर फिरकलं नव्हतं. मढं उचलेपर्यंत येणार नव्हतं, तसाच तिथला रिवाज. विहिरीचा काठ कोरडा होता, त्या दिवशी अजून कुणी पाणी काढलं नव्हतं. दगडावर गुंडाळून पडलेला वस्तीचा जुना दोर याकोबनं रहाटावर चढवला, आईचाच हंडा बांधला आणि पाणी काढलं. ते त्यानं चुलीवर ठेवलं, आणि बायांनी तिला आंघोळ घातली.

पुरून आल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. हात पुसले आणि म्हणाला, "बाई, तुमी फादरला कागद लिवता न्हवं? त्यास्नी कळवा. म्हनावं, आईनं पयला हंडा घेतला."

मी हो म्हटलं. कार्लोंची पत्रं पुढे पुष्कळ वर्षं येत राहिली. त्यांच्या गावी आई थकली होती, त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत होते, 'ळ' अजून जमत होता. प्रत्येक पत्रात शेवटी विचारलेलं असे, सोनाबाई कशी आहे? हेलनबाईंना मी सांगून ठेवलं होतं की काही कळवू नका. मी दरवेळी लिहीत असे, पाऊस झाला, विहिरीला पाणी आहे, वस्ती बरी आहे. एवढं सगळं खरं होतं.

उभ्या नोकरीत मी एकही निरोप गिळला नाही. याकोबचा तेवढा मी पोचवला नाही. आता कार्लोही नाहीत.